झाँ सिबेलियस: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

८ डिसेंबर जवळ आला की सिबेलियसबद्दलचे मेसेज वाढतात. हेलसिंकी-एस्पोला नोकरीसाठी गेलेली आपली मंडळी विचारतात, पुण्या-मुंबईत वेस्टर्न क्लासिकल नुकतंच ऐकायला लागलेले विचारतात, आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. वरचे प्रश्न सोपे आहेत, खाली जाल तसे अवघड होत जातात.

सिबेलियस कोण होता? थोडक्यात सांगा.

फिनलंडचा कंपोझर. जन्म ८ डिसेंबर १८६५ ला हॅमेनलिन्ना गावात, मृत्यू २० सप्टेंबर १९५७ ला यार्वेनपॅमधल्या स्वतःच्या घरी, वय ९१. सात सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना), एक व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकटं व्हायोलिन आणि सोबत ऑर्केस्ट्रा), फिनलांडिया आणि तापिओला या ऑर्केस्ट्राच्या रचना, शंभरेक गाणी. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात ठेवा, तो जन्मला तेव्हा फिनलंड हा स्वतंत्र देश नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि त्याआधी काही शतकं स्वीडनकडे. स्वातंत्र्य मिळालं ६ डिसेंबर १९१७ ला, म्हणजे याच्या ५२व्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. तोवर त्याच्या पहिल्या चार सिंफनी आणि फिनलांडिया जगभर माहीत झालेलं होतं, पाचवीही वाजून झाली होती. युरोपातल्या लोकांनी फिनलंड हे नाव नकाशावर बघायच्या आधी कॉन्सर्टमध्ये ऐकलं ते या माणसामुळे, असं मी म्हणते आणि त्यात फार अतिशयोक्ती नाहीये.

नावाचा उच्चार काय? जीन, जॉन की यान?

झाँ, फ्रेंच पद्धतीने. आडनावात जोर 'बे'वर. पाळण्यातलं नाव योहान, घरचे हाक मारायचे यान्ने. त्याचा एक काका जहाजावर कॅप्टन होता, त्याने आपलं योहान हे नाव फ्रेंच करून व्हिजिटिंग कार्डं छापून घेतलेली, काका गेल्यावर ती कार्डं पुतण्याच्या हाती लागली आणि याने तेच नाव घेतलं.

म्युझिक लिहायचं सिबेलियस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा आणि याचा काही संबंध?

फक्त नावाचा. ब्रिटनमधल्या फिन आडनावाच्या जुळ्या भावांनी ते बनवलं.

तो खरा फिनिश होता का? मी वाचलं की त्याची भाषा स्वीडिश होती.

दोन्ही खरं आहे आणि यात विरोध वाटून घ्यायचं कारण नाही. त्या काळी फिनलंडमधल्या शिकलेल्या, शहरी घरांमध्ये स्वीडिश बोलायचे आणि बहुसंख्य लोक फिनिश. वडील डॉक्टर होते, यान्ने जेमतेम अडीच वर्षांचा असताना टायफसने गेले. पुढे त्याला फिनिश माध्यमाच्या शाळेत घातलं, तेव्हा अशी शाळा ही नवलाईची गोष्ट होती. १८९२ मध्ये लग्न झालं ते आइनो यार्नेफेल्टशी, आणि यार्नेफेल्ट घराणं म्हणजे फिनिश भाषेसाठी हिरिरीने उभं राहिलेलं घराणं. तरी त्याची डायरी शेवटपर्यंत स्वीडिशमध्येच राहिली आणि गाणीही बहुतेक स्वीडिश कवितांवरच आहेत. त्यामुळे "खरा फिनिश कोण" हे भाषेवरून ठरवायला गेलात तर सिबेलियस दोन्हीकडून हातातून निसटतो. मला तर वाटतं फिनिश भाषा त्याला आयती मिळाली नव्हती म्हणूनच तिचा नाद, तिची लय त्याच्या कानाला इतकी लख्ख ऐकू आली.

फिनलांडिया म्हणजे फिनलंडचं राष्ट्रगीत ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. राष्ट्रगीत आहे 'माम्मे', त्याची चाल फ्रेड्रिक पॅसियस या जर्मनीत जन्मलेल्या संगीतकाराची, शब्द रूनेबर्ग या कवीचे, आणि हीच चाल एस्टोनियाच्या राष्ट्रगीतालाही आहे.

फिनलांडिया ही साधारण आठ मिनिटांची ऑर्केस्ट्राची रचना. तिची जन्मकथा आपल्याला पटकन कळेल अशी आहे. फेब्रुवारी १८९९ मध्ये झार निकोलस दुसरा याने जाहीरनामा काढून फिनलंडचे अधिकार कापायला सुरुवात केली, वर्तमानपत्रं बंद पाडली जात होती. नोव्हेंबरात हेलसिंकीत पत्रकारांच्या पेन्शन फंडासाठी म्हणून एक समारंभ ठेवला गेला, कागदोपत्री मदतनिधी आणि प्रत्यक्षात निषेध. त्यात फिनलंडच्या इतिहासातले जिवंत देखावे रंगमंचावर दाखवले आणि त्यांना संगीत सिबेलियसचं. आपल्याकडे त्याच दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाले, त्यातले देखावे आणि मेळे आठवा, वरून उत्सव आणि आतून सगळ्यांना माहीत असलेलं दुसरं काहीतरी, तोच प्रकार. शेवटच्या देखाव्याचं नाव होतं 'फिनलंड जागा होतो'. तेच संगीत पुढच्या वर्षी सुधारून फिनलांडिया झालं. रॉबर्ट कायानुस हा कंडक्टर हेलसिंकीचा ऑर्केस्ट्रा घेऊन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाला गेला तेव्हा ते बाहेरच्या जगाने ऐकलं. झारच्या साम्राज्यातल्या बाकीच्या शहरांत ते वाजवायचं तर 'इम्प्रॉम्प्टू' असं कुणाला खटकणार नाही असं नाव द्यावं लागायचं.

मधला जो शांत, प्रार्थनेसारखा भाग आहे त्याला शब्द नंतर बसवले गेले. आज फिनलंडमध्ये गातात ते कोस्केनिएमी या कवीचे शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. ही चाल बाहेर चर्चमध्ये गेली, आणि आफ्रिकेत नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राने ती आपल्या राष्ट्रगीतासाठीसुद्धा घेतली होती.

ती चाल जुन्या लोकगीतातली आहे ना? म्हणजे त्याने लोकगीतंच ऑर्केस्ट्रात घातली?

नाही, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण पूर्ण विषयाचा गाभा हाच आहे.

फिनलांडियातली चाल त्याची स्वतःची आहे. लोकांना ती शेकडो वर्षं जुनी वाटते, तशी वाटावी इतकी ती साधी आहे, पण ती एका माणसाने १८९९ मध्ये लिहिली. १९०३ मध्ये त्याने सहा फिनिश लोकगीतं पियानोसाठी बसवली, अशी थोडी उदाहरणं सापडतात, पण सिंफनींमध्ये लोकगीत शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

मग फिनिशपणा येतो कुठून? १८९१ च्या सुमाराला सिबेलियसने लारिन पारास्के या बाईचं गाणं ऐकलं. पारास्के गरीब, खेड्यातली, आणि तिच्याकडून लोकांनी ३२,००० च्या वर ओळी उतरवून घेतल्यात. ती गायची ते रूनो म्हणजे फिनलंड आणि कारेलियाचं जुनं मौखिक काव्य. त्याची चाल जेमतेम पाच सुरांत फिरते, ओळ साधारण आठ अक्षरांची, अनेकदा पाच मात्रांच्या ठेक्यात, आणि पहिली ओळ जे सांगते तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत परत सांगते. दोघं मिळून गायचे, एकाने ओळ घ्यायची, दुसऱ्याने तिचं शेपूट पकडून ती पुन्हा म्हणायची. हे वाचताना मला हटकून आठवते ती जात्यावरची ओवी. समोरासमोर दोघी, एकीने ओवी घ्यायची, दुसरीने उचलायची, जातं फिरत राहतं, चाल तीच आणि तरी प्रत्येक ओवीला गळ्यातली एखादी जागा बदलते. माझी आजी जातं फिरवताना गायची त्यातली एकही ओवी दुसरीसारखी ऐकू यायची नाही आणि चाल विचाराल तर एकच होती.

सिबेलियसने नेमकी ही गोष्ट उचलली, चाल उचलली नाही. त्याच्या संगीतात एखादा छोटासा तुकडा येतो, चार-पाच सुरांचा, तो परत येतो, जरा वेगळा होऊन येतो, खाली एखादा सूर तंबोऱ्यासारखा लांबच लांब धरलेला असतो, आणि आपल्याला कळायच्या आत तो तुकडा मोठा होऊन डोंगराएवढा झालेला असतो. जर्मन सिंफनीत बहुतेकदा आधी पूर्ण थीम मांडतात आणि मग ती फोडतात, याच्याकडे अनेकदा उलटं, आधी तुकडे आणि मग त्यांची थीम. देशाची म्हणून जी शैली म्हणतात ती इथे आहे. झेंडा आणि ब्रास बँड नुसता वर वर दिसतो.

कालेवाला वाचल्याशिवाय त्याचं संगीत कळेल का?

कळेल. कालेवाला हे एलियास लोनरोट नावाच्या डॉक्टरने गावोगाव फिरून गोळा केलेल्या रूनोंमधून जुळवलेलं महाकाव्य, पहिली आवृत्ती १८३५, मोठी १८४९, एकूण २२,७९५ ओळी. गोष्ट माहीत असेल तर कुल्लेर्वो, लेम्मिंकाइनेन, तुओनेलाचा हंस आणि तापिओला या त्याच्या रचना ऐकताना फायदा होतो. तुओनेला म्हणजे मृतांचा प्रदेश, त्याच्या काळ्या नदीवर हंस तरंगतोय, एवढं पुरे. तापिओ म्हणजे अरण्याचा देव. सिंफनींना काहीही वाचायची गरज नाही.

मी पहिल्यांदाच ऐकणार आहे, कुठून सुरू करू?

बरेच जण फिनलांडिया ऐकतात, "छान आहे" म्हणतात आणि तिथेच थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझा सल्ला असा, आधी 'तुओनेलाचा हंस', नऊ-दहा मिनिटं, इंग्लिश हॉर्न या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याचा एकटा सूर आणि खाली व्हायोलिनांचं धुकं, रात्री दिवे मालवून आणि हेडफोन लावून. मग दुसरी सिंफनी, १९०२ ची, तिचा शेवट कुणालाही आवडतो. मग व्हायोलिन कॉन्चेर्तो, मग पाचवी. चौथी आणि तापिओला वर्षभराने ऐका, घाई करू नका. कंडक्टरांमध्ये पावो बर्गलुंड किंवा ऑस्मो व्हॅन्स्का घेतलेत तर चुकणार नाही.

व्हायोलिन कॉन्चेर्तो एकच का लिहिला?

कारण व्हायोलिन ही त्याची दुखरी नस होती. त्याला व्हर्चुओसो म्हणजे पट्टीचा एकल वादक व्हायचं होतं, पण धडे सुरू झाले तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता, म्हणजे त्या वाटेला लागायला उशीरच. १८९१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये ऑडिशन दिली, घेतलं नाही. कॉन्चेर्तो पहिल्यांदा १९०४ मध्ये हेलसिंकीत वाजला आणि नीट वाजला नाही, मग त्याने तो कापून-घासून नव्याने लिहिला आणि १९०५ मध्ये बर्लिनला रिचर्ड श्ट्राउस या जर्मन कंपोझर-कंडक्टरच्या हाताखाली सादर झाला. आज जगभर वाजतो तो हाच. पहिल्याच मिनिटात, ऑर्केस्ट्रा नुसता कुजबुजत असताना व्हायोलिन एकटं वर येतं ते ऐका, नाकारलेल्या मुलाने लिहिलंय हे माहीत असलं की ते अजून आत जातं.

चौथी सिंफनी इतकी काळोखी का आहे?

१९०८ मध्ये त्याच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशनं झाली, सिगार आणि दारू साताठ वर्षं बंद. तीन वर्षांनी ही सिंफनी आली. मरण समोर बघून आलेल्या माणसाची आहे असं ऐकताना वाटतं. पण नुसतं आजारपण म्हणून सोडून देऊ नका, याच काळात युरोपात सगळे ऑर्केस्ट्रा फुगवत चालले होते आणि हा कमी कमी करत चालला होता. १९०७ मध्ये माहलर हा ऑस्ट्रियाचा कंपोझर हेलसिंकीला आला तेव्हा दोघांचं बोलणं झालं, सिबेलियस म्हणाला मला सिंफनीतली शिस्त आणि आतलं लॉजिक आवडतं, माहलर म्हणाला नाही, सिंफनीत जगातलं सगळं मावायला हवं. चौथी म्हणजे सिबेलियसने आपलं म्हणणं खरं करून दाखवलं ती.

पाचवीच्या शेवटी ऑर्केस्ट्रा मधेमधे थांबतो, ते चुकून होतं का? टाळ्या कधी वाजवायच्या?

चुकून नाही, तसंच लिहिलंय. सहा कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर), प्रत्येकाच्या मधे पूर्ण शांतता. सहा मोजा आणि मगच टाळी. एका कॉन्सर्टला माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी तिसऱ्यालाच टाळी दिली, त्यांचा दोष नाही, ती शांतता खरोखर सहन होत नाही.

त्याआधी हॉर्नवर जी डोलणारी थीम येते तिच्यामागे हंस आहेत. २१ एप्रिल १९१५ ला सकाळी अकराला दहा मिनिटं असताना सिबेलियसने सोळा हंस उडताना पाहिले आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या अनुभवांपैकी एक म्हणून डायरीत लिहून ठेवलं. वेळ आणि आकडा दोन्ही लिहिलंय, मला ते फार आवडतं. सिंफनी वाजली त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, पण त्याचं समाधान होईना, १९१६ ला बदलली, १९१९ ला परत बदलली. आपण ऐकतो ती तिसरी.

शेवटची तीस वर्षं त्याने काहीच का लिहिलं नाही?

सातवी सिंफनी १९२४ ची, एकाच मूव्हमेंटची म्हणजे न थांबता एकसलग, वीस-बावीस मिनिटांची. १९२६ ला तापिओला. त्यानंतर किरकोळ काही सोडलं तर शांतता. पण "काहीच लिहिलं नाही" हे बरोबर नाही. आठव्या सिंफनीवर तो वर्षानुवर्षं काम करत होता, बोस्टनला कुसेवित्स्की या कंडक्टरला तिचं वचन दिलेलं होतं, आणि १९३३ मध्ये कॉपी करणाऱ्याने २३ पानांचं बिल पाठवलेलं सापडलंय, म्हणजे निदान तेवढी पानं तरी तयार होती.

मग चाळिशीच्या दशकात एक दिवस त्याने हस्तलिखितं कपड्यांच्या टोपलीत भरली आणि जेवणाच्या खोलीतल्या शेकोटीत जाळली. आइनोने हे नंतर सांगितलं, तिला ते बघवेना म्हणून ती खोलीतून निघून गेली, आणि त्यानंतर तो शांत झाला असंही तिनेच सांगितलंय. कारणं लोक बरीच देतात, हात थरथरायचे, दारू, स्वतःवरची निर्दय टीका. मला शेवटचं कारण सगळ्यात खरं वाटतं, कारण हाच माणूस १८९२ मध्ये गाजलेलं कुल्लेर्वो पुढच्या वर्षानंतर बाजूला ठेवून बसला आणि ते पूर्ण वाजलं ते तो गेल्यावर १९५८ मध्ये. सातवीनंतर पुढे काय, याचं उत्तर त्याला त्याच्याच मापाने पुरेसं चांगलं मिळालं नसावं.

आठवी कुठे ऐकायला मिळेल का?

पूर्ण नाही, कधीच नाही, ती गेली (वरचं उत्तर बघा). पण काही स्केचेस ग्रंथालयात राहिलेल्या कागदांमध्ये ओळखले गेले आणि २०११ मध्ये जॉन स्टोरगोर्ड्सने हेलसिंकी फिलहार्मोनिककडून ते वाजवून घेतले, जेमतेम तीन मिनिटं. ऐकाच. त्यातले सूर इतके धारदार, अनोळखी आहेत की जळालं ते काय होतं याचा अंदाज येऊन पोटात खड्डा पडतो.

त्याचे नाझींशी संबंध होते असं वाचलं. खरं काय?

हा प्रश्न टाळायचा नाही. १९३५ मध्ये त्याला जर्मनीचं गोएटे पदक मिळालं आणि त्याने ते घेतलं. १९४२ मध्ये तिथे त्याच्या नावाने सोसायटी काढली गेली, नाझी राजवटीला "उत्तरेचा" असा थोर कंपोझर हवाच होता. १९४१ ते १९४४ फिनलंड सोव्हिएत युनियनविरुद्ध जर्मनीच्या बाजूने लढत होतं. दुसरीकडे डायरीत वंशवादाच्या कल्पनांबद्दल त्याची नाराजी आहे. पण ती डायरीत आहे, जाहीर बोललेलं नाही. अभ्यासकांचं यावर एकमत नाहीये. माझं मत, तो पक्षाचा माणूस नव्हता, पण गप्प राहिला आणि मिळणारा मान घेत राहिला, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीसुद्धा हे एवढं सरळ म्हणायला हवं.

काही जण त्याला जुनाट, बिनमहत्त्वाचा म्हणतात. का?

विसाव्या शतकाच्या मधल्या काळात ती फॅशनच होती. १९५५ मध्ये रने लिबोविट्झने तर त्याला जगातला सगळ्यात वाईट कंपोझर म्हणणारी पुस्तिकाच काढली. तेव्हा आधुनिक म्हणजे मुख्य सुराची जुनी चौकट मोडणारा श्योनबर्ग, आणि जो ती चौकट सोडत नाही तो मागासलेला, असा सरळ हिशोब. तो हिशोब आता कुणी मांडत नाही. संगीतात वेळ हळूहळू कशी सरकवता येते हे शिकायला नंतरचे कंपोझर याच्याकडेच परत आले. फिनलंडच्या नव्या कंपोझरांवर मात्र त्याची सावली जड पडली, तरी रौतावारा या तरुण फिनिश कंपोझरला अमेरिकेत शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली ती नव्वदीच्या सिबेलियसच्या शिफारशीवर.

फिनलंडला गेलो तर काय बघू?

'आइनोला' हे त्याचं घर, नक्की. हेलसिंकीच्या उत्तरेला ४० किलोमीटरच्या आसपास, यार्वेनपॅमध्ये. घराला नाव बायकोचं, १९०४ पासून दोघं तिथे राहिले आणि दोघांची समाधी बागेतच आहे. आइनो त्याच्यानंतर बारा वर्षं जगली, ९७ व्या वर्षी गेली. तो असेपर्यंत घरात नळाचं पाणी घेतलं नव्हतं, पाइपांचा आवाज त्याला नको होता. विचार करा, सहा मुली झालेल्या, त्यातली एक या घरात यायच्या आधी लहानपणीच गेली, आणि बाकीच्यांना वाढवताना पाणी बाहेरून आणायचं. आइनोबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो इथूनच.

जेवणाच्या खोलीत हिरव्या टाइल्सची उंच शेकोटी आहे. सिबेलियसला रंगांमध्ये सूर ऐकू यायचे आणि तो हिरवा म्हणजे एफ मेजर ही स्वरपट्टी असं तो म्हणायचा. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा आधी तो रंगच बघत होते, कपड्यांची टोपली जरा उशिराने आठवली. घर उन्हाळ्यातच उघडं असतं, साधारण मे ते सप्टेंबर, जायच्या आधी तारखा बघा, डिसेंबरात गेलात तर दार बंद मिळेल.

हेलसिंकीतलं स्मारक म्हणजे एइला हिल्टुनेनने केलेले सहाशेच्या वर पोलादी पाइप, १९६७ चं. लोकांनी तेव्हा ओरड केली की यात सिबेलियस कुठे दिसतोय, म्हणून बाजूला त्याचा चेहरा बसवला. तुम्ही चेहऱ्यासोबत फोटो काढा, पण मग पाइपांच्या खाली जाऊन उभे राहा आणि वर बघा. ८ डिसेंबरला तिथे असाल तर सगळीकडे झेंडे दिसतील, तो फिनिश संगीताचा दिवस. युरो येण्याआधी शंभर मार्कच्या नोटेवरही तोच होता आणि मागच्या बाजूला, अर्थातच, हंस.

मुंबईत लाइव्ह ऐकायला मिळतं का?

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कला केंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांच्या सीझनच्या कार्यक्रमावर नजर ठेवा. बाकी, ऐकायची क्रमवारी वर दिलीच आहे.

तो गेला त्या दिवशीची क्रौंच पक्ष्यांची गोष्ट खरी का?

घरच्यांनी सांगितलेली आहे. जायच्या दोन-तीन दिवस आधी तो फिरून आला आणि म्हणाला, माझ्या तरुणपणाचे पक्षी आले. क्रौंचांचा थवा खालून उडत गेला आणि त्यातल्या एकाने वेगळं होऊन आइनोलावर एक घिरटी घातली. २० सप्टेंबरच्या रात्री तो गेला तेव्हा हेलसिंकीत माल्कम सार्जंट हा ब्रिटिश कंडक्टर त्याचीच पाचवी सिंफनी कंडक्ट करत होता. ही मात्र नोंदवलेली गोष्ट आहे.

तो स्वतः कंडक्ट करतोय असं काही रेकॉर्डिंग आहे?

एकच. १ जानेवारी १९३९, 'आंदांते फेस्तिव्हो', न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त रेडिओवरून जगभर पाठवलेलं, तो तेव्हा ७३ वर्षांचा. नेटवर सापडेल. तारांचा आवाज जुना, खरखरीत आहे, आणि तो इतका सावकाश, इतका घट्ट धरून नेतो की ज्या माणसाने बारा वर्षांत मोठं काही लिहिलेलं नव्हतं तो हा, यावर विश्वास बसत नाही. शेवटी टिंपनी (मोठे नगारे) येते तिथे आवाज वाढवा.